किल्लीकाका आणि लाकडी जमीन

किल्लीकाका गेले त्याला आज तेवीस दिवस झाले.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या संगीतशाळेच्या मुख्याध्यापिकांनी, सूचनाफलकासाठी चार ओळी लिहून मागितल्या होत्या. मी लिहिल्या. अडतीस वर्षांची सेवा, मनमिळाऊ स्वभाव, हरहुन्नरी कारागीर. त्या ओळींत खोटं काही नाही. पण काका त्यांत कुठेच नाहीत.

मी या शाळेच्या ऑफिसात काम करते. पत्रं टाइप करणं, अर्ज फायलीत लावणं, फोन घेणं. पहिल्या दिवशी एक उंच, वाकलेला माणूस दारात येऊन उभा राहिला.

"काय शिकलीस?"

"साहित्य."

"म्हणजे गोष्टी वाचायच्या?"

"हो, तसंच."

"आणि त्याची परीक्षा घेतात?"

"घेतात."

"पास झालीस?"

"झाले."

"शाब्बास," ते म्हणाले, "मला तर गोष्ट ऐकता ऐकता झोप लागते." त्या दिवसापासून मी त्यांची कादंबरी झाले. रोज सकाळी खिडकीतून डोकं आत घालून विचारायचे, "काय कादंबरी, आज किती पानं?"

शाळेत अकरा पियानो आहेत. ते सुरात ठेवायचे, ही काकांची नोकरी. पियानोच्या तारा ज्या किल्लीने पिळतात ती किल्ली कायम त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात. तिच्या वजनाने खिसा फाटायचा. काकू घरी लोकांचे कपडे शिवून द्यायच्या. त्या म्हणायच्या, "गावाचे कपडे एकदा शिवते, ह्यांचा खिसा दर महिन्याला. अकरा पियानो सुरात आहेत म्हणे. घरचा नळ दोन वर्षं गळतोय."

"गळू दे," काका म्हणायचे. "बरोबर खर्जात पडतो थेंब. बादली तेवढी बदलू नकोस."

सगळ्यात मोठा पियानो तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. हा हॉल पूर्वी व्यायामशाळा होता. लांबच लांब फळ्यांची जमीन, तिच्याखाली तुळया आणि हातभर मोकळी जागा. त्या पियानोला हात लावण्याआधी काका बूट काढायचे, मोजे काढून बुटात खोचायचे. "कान थकतो," ते म्हणायचे. "कानाला वाटतं झालं. तळव्याला विचारलं की म्हणतो, नाही झालं अजून."

साफसफाईचं काम करणाऱ्या ताई त्यांच्या मुलीला कामावर आणायच्या, कारण घरी सांभाळायला कोणी नव्हतं. मुलगी चार वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही. ती पियानोखाली बसायची आणि झाडूच्या काड्यांशी खेळायची. एकदा काकांनी खर्जातली एक जाड तार ताणून ती दोनतीनदा वाजवली. खालून हसण्याचा आवाज आला. त्यांनी परत वाजवली. परत हसू. त्यांनी उंचावरची बारीक तार वाजवली. शांत. पुन्हा खर्ज. पुन्हा हसू.

काका खाली वाकले. पोरगी पालथी पडली होती, गाल फळीला लावून.

"मी नोकरीला लागलो तेव्हापासून पहिल्यांदा कोणी माझं काम नीट ऐकलं," असं ते मला सांगायचे. मला ही गोष्ट त्यांनी किमान दहा वेळा सांगितली. प्रत्येक वेळी गाल कोणता, ते बदलायचं.

ते तिला बाईसाहेब म्हणायचे. तिच्याकडून आणि ताईंकडून ते खुणांची भाषा शिकले. वाईट शिकले. ताई सांगायच्या, "काका खुणा करतात तेव्हा वाटतं माणूस माश्या हाकलतोय." पण दोघांचं चालायचं. सहा वर्षं रोज दुपारी, ताईंचं पुसून होईपर्यंत, काका वाजवायचे आणि ती फळ्यांवर उभी राहून टाळ्या वाजवायची. आधी ठेका. मग ठेक्याच्या मधली जागा. मग तिने स्वतःच एक दिवस कोपऱ्यातला डबल बास दाखवला. माणसापेक्षा उंच, उभं ठेवून वाजवायचं ते अवजड व्हायोलिन. गज एकदा तारेवरून ओढला आणि तिने वाद्याला मिठी मारली.

आमच्या शाळेत वाद्य शिकायचं तर आधी कानाची परीक्षा. परीक्षक पडद्याआड वाजवतात, मुलाने ठेका परत टाळीने द्यायचा. आठपैकी पाच बरोबर आले की प्रवेश. मी नोकरीला लागले त्या वर्षी काका तिचा अर्ज घेऊन आले. मोठ्या बाईंनी अर्ज बघितला, चष्मा काढला.

"काका, कानाची परीक्षा आहे ही."

"माहीत आहे."

"ती देणार कशी?"

"पडदा कशाला असतो बाई? पोरांनी हात बघू नयेत म्हणून ना? मग तिलाही बघू देऊ नका. तिने फक्त बूट काढले तर चालेल?"

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नियमांची वही काढली. बुटांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

परीक्षा हॉलमध्ये झाली. आठपैकी सात. त्या वर्षी त्याहून जास्त कोणालाच मिळाले नाहीत. काका बाहेरच्या बाकावर बसले होते. निकाल सांगितला तर म्हणाले, "सात? एक चुकला? विचारतो तिला." आणि किल्ली खिशातून काढून उगाचच पुसायला लागले.

तिला प्रवेश मिळाल्यावर हळूहळू बुधवारचा वर्ग झाला. तो वेळापत्रकात कधीच नव्हता. बुधवारी तीन ते सहा या वेळेपुढे 'पियानो देखभाल' असं लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात सातआठ मुलं जमायची. ज्यांचं काय करावं हे इतर वर्गांना कळत नव्हतं ती, आणि ज्यांना त्यांच्याबरोबर वाजवायला आवडत होतं तीही. एका मुलाला चाकांची खुर्ची होती. तो ट्रम्पेट वाजवायचा. खुर्ची इतक्या जोरात हाकायचा की सगळे त्याला पायलट म्हणत.

मी एकदा काकांना विचारलं, "डबल बास तर तिच्या अंगालाच टेकलेला असतो. मग तिला जमीन कशाला लागते?"

"स्वतःचं वाजवलेलं पोटात कळतं, कादंबरी," ते म्हणाले. "दुसऱ्याचं पायातून."

ती एवढीच गोष्ट होती. एकटी ती कुठेही वाजवू शकली असती. सगळ्यांबरोबर वाजवणं फक्त त्या हॉलमध्ये शक्य होतं. आणि तिला सगळ्यांबरोबर वाजवायचं होतं. वार्षिक कार्यक्रमासाठी बुधवारच्या वर्गाने एक रचना बसवायला घेतली होती. त्यात शेवटच्या वीस मात्रा ट्रम्पेट, पियानो आणि डबल बास एकत्र होते. त्या वीस मात्रांसाठी ती सुट्टीच्या दिवशीसुद्धा ताईंना ओढून आणायची.

शाळेच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. दर बुधवारी काका आणि वॉचमन पायलटला खुर्चीसकट उचलायचे. तो वरून ओरडायचा, "पोतं आलं! बाजूला व्हा, पोतं आलं!" सगळे हसायचे. तोही हसायचा. एकदा वॉचमनचा पाय सरकला. काका गुडघ्यावर पडले, पण खुर्ची सोडली नाही. पोराला खरचटलंही नाही. त्या दिवशी मात्र तो हसला नाही. आत गेल्यावर म्हणाला, "काका, मी नाही आलो तर चालेल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या खिडकीशी. "कादंबरी, लिही. इथे रॅम्प पाहिजे."

मी लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा आले. अशी अकरा पत्रं गेली, वेगवेगळ्या संस्थांना. बाराव्या सोमवारी एका संस्थेचं उत्तर आलं. ते फक्त रॅम्पच नाही, सगळी इमारत सगळ्या मुलांसाठी सोयीची करून देणार होते. आधी त्यांचा माणूस येऊन पाहणी करणार होता.

काकांनी ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं, किल्लीच्या खिशात. संध्याकाळपर्यंत त्याला भोक पडलं होतं.

पाहणीला एक तरुण इंजिनिअर बाई आल्या. हसऱ्या, नीट बोलणाऱ्या. दारं मोजली, स्वच्छतागृहं बघितली. मी वही घेऊन मागे होते. हॉलच्या दाराशी आल्यावर काका पुढे झाले.

"हा हॉल नुसता बघायचा नसतो. बूट काढा."

"काय?"

"बूट. मोजेपण. घाबरू नका, माझ्या मापाचे नाहीत."

त्या हसल्या. काढले. काकांनी त्यांना हॉलच्या मध्ये उभं केलं आणि खर्जातला एक सूर वाजवला.

"आला?"

"अय्या, हो! गुदगुल्या होतात."

"खाली सगळं मोकळं आहे. हातभर. नुसत्या तुळया आणि हवा." मग ते कोपऱ्यात गेले. दुसऱ्या टोकाला खुर्चीवर पाण्याचा पेला ठेवायला मला सांगितलं. आणि त्यांनी टाच आपटली. पाणी थरथरलं. "बघितलंत? इथे पाय पडला की तिथे कळतं. अशी जमीन आता कोणी करत नाही."

इंजिनिअर बाईंनी वाकून फळी ठोकून बघितली. मग वही काढली.

"लिहा," काका म्हणाले. "नीट लिहा हे."

त्यांनी नीट लिहिलं.

अहवाल आठवड्याने आला. शाळेच्या पत्रावर त्याची स्वच्छ प्रत करून, सगळ्यांच्या सह्या घेऊन पाठवायची होती. एकूण नऊ मुद्दे. सातवा मी टाइप केला तो मला पाठ आहे. 'मुख्य हॉल: जमीन लाकडी, जुनी, खालून मोकळी. पाऊल पडताच कंप सुटतो व दूरपर्यंत पोचतो. ती काढून भक्कम, सपाट, न घसरणारी जमीन करावी.' मी त्यात एक स्वल्पविराम दुरुस्त केला. दुसरं काही मनात आलं नाही. बुधवारचा वर्ग मी दोन वर्षं दारातून बघत होते, तरी आलं नाही.

काका सहीला आले तेव्हा घाईत होते. त्यांच्या मोठ्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. सुट्टीभर तिच्याकडे राहायला ते आणि काकू निघाले होते.

"रॅम्प कितवा?"

"पहिला."

"वाच."

मी वाचलं.

"वळण मोठं ठेवलंय ना? त्याची खुर्ची अडायला नको."

"ठेवलंय. बाकीचं वाचू?"

"बाकीचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं." त्यांनी सही केली. "कादंबरी, जमलं बघ आपल्याला."

सुट्टीच्या सहा आठवड्यांत काम झालं. फळ्या उपटल्या तेव्हा मी ऑफिसात होते. आवाज येत होता. मी खिडकी लावून घेतली, कारण धूळ येत होती.

शाळा उघडली त्या दिवशी बुधवारच होता. काका हातात डबा घेऊन आले, रॅम्पवरून दोनदा खाली-वर चालले, तिसऱ्यांदा उलटे चालले. मग हॉलमध्ये गेले. मी मागे होते.

करड्या रंगाचं रबर होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पावलाचा आवाज होत नव्हता. पायलट आधीच आला होता आणि गोल गोल फिरत होता.

"काका, बघा! एका ढकलण्यात भिंत! कोणी उचललंसुद्धा नाही मला!"

"वा," काका म्हणाले. "वा रे गड्या."

त्यांनी बूट काढले. मोजे काढले. उभे राहिले. टाच आपटली. मग पियानोशी जाऊन खर्जातला सूर वाजवला आणि तो विरेपर्यंत तसेच थांबले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या वेळी मला सातवा मुद्दा आठवला.

बाईसाहेब आली. बारा वर्षांची झाली होती, सुट्टीत उंच झाली होती. बूट दाराशी काढून आत आली. नवी जमीन बघून तिला मजा वाटली, दोन उड्या मारल्या. मग नेहमीच्या जागी उभी राहिली आणि काकांना हाताने सांगितलं, वाजवा.

काकांनी वाजवलं.

ती थांबली. परत खूण केली, वाजवा ना.

त्यांनी परत वाजवलं. दोन्ही हातांनी, जोरात. पायलटने कान झाकले.

तिने विचारलं, पियानो बिघडला?

काकांचे हात पट्ट्यांवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघून मान हलवली. हो. बिघडलाय. दुरुस्त करतोय.

मी नंतर जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत गेले. ते स्टुलावर बसले होते.

"खोटं का सांगितलंत?"

"आठवडाभर," ते म्हणाले. "आठवड्यात काहीतरी करतो. तोवर कशाला तिला."

त्यांनी फळ्यांचा माग काढला. कंत्राटदाराने सांगितलं, खोकी बनवणाऱ्या कारखान्यात दिल्या. मी त्यांच्याबरोबर गेले. आवारात ढीग होता, पण सगळ्या फळ्या हातभर तुकड्यांत कापलेल्या. काकांनी एक तुकडा उचलला. बोटाने वाजवला, कानाशी धरला. मग जिथला होता तिथे परत ठेवला.

मग ते लाकडी चौथरा करायला लागले. जुन्या दारांच्या चौकटी, वर पातळ फळ्या. तीन आठवडे जिन्याखाली ठोकाठोक चालली. दर बुधवारी बाईसाहेब येऊन विचारायची, झाला दुरुस्त? दर बुधवारी ते पियानोचं झाकण उघडून आत डोकं घालायचे. रोज अकरा पियानो उघडणारा माणूस. एकदा मी बघितलं, आत ते काहीच करत नव्हते. नुसते तारांकडे बघत होते.

चौथरा तयार झाला. पियानोपासून बासपर्यंत पुरेल एवढा, वीतभर उंच. बाईसाहेब त्यावर उभी राहिली. काकांनी वाजवलं. तिने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, थोडंसं. मग हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बाकीची मुलं धावत वर चढली. सगळा वर्ग वर, आणि पायलट खाली. ट्रम्पेट मांडीवर घेऊन, मान वर करून.

"काका," तो म्हणाला, "मी प्रेक्षक आहे का?"

टोमणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

काकांनी त्याच आठवड्यात चौथरा सुटा केला. "एकाला चढवायला दुसऱ्याला खाली ठेवायचं, हे नाही जमणार मला," म्हणाले. त्याला उतार करून हॉलभर फळ्या टाकता येतील, असं त्यांनी कागदावर काढून मोठ्या बाईंना दाखवलं. मोठ्या बाई वाईट नाहीत. त्या बराच वेळ कागद बघत होत्या. पण नव्या जमिनीची दोन वर्षांची हमी होती. तिच्यावर खिळा मारला की हमी गेली. "पुढच्या वर्षी बघू काका," त्या म्हणाल्या. "आत्ताच तर सगळं झालंय. आणि किती छान झालंय."

"छान झालंय," काका म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, तिला खरं सांगा. ते म्हणाले, कार्यक्रम होऊ दे. डबल बासच्या सरांनी सुचवलं की यंदा तिने वाजवू नये. काका त्यांच्यावर चिडले. मी त्यांना चिडलेलं तेव्हाच पाहिलं. त्यांनी दुसरा उपाय काढला. ते पियानोशेजारी उभे राहून मान हलवून मात्रा देणार, ती त्यांच्याकडे बघून वाजवणार. महिनाभर त्यांनी तसा सराव केला. जमत होतं. ती सुरांऐवजी त्यांच्या मानेबरोबर वाजवत होती, हे तिला कळत होतं. सराव संपला की ती पूर्वीसारखी वाद्याला टेकून उभी राहत नसे. बासची पेटी बंद करून निघून जायची.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. पहिल्यांदाच तीन पालक चाकांच्या खुर्च्यांवरून आत आले होते. मोठ्या बाईंनी भाषणात काकांचं नाव घेतलं. काकू पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी काकांचा नवा कोट शिवला होता.

बुधवारच्या वर्गाची रचना सुरू झाली. नीट चालली होती. शेवटच्या वीस मात्रांच्या आधी कोणीतरी दिवे बदलले. वाजवणाऱ्या मुलांवर प्रखर झोत आला. सरावात तो नव्हता. तो सरळ बाईसाहेबच्या डोळ्यांत होता. तिने डोळे बारीक केले, मान तिरकी केली. काका तिला दिसत नव्हते. ते झोताच्या पलीकडे होते.

ती थांबली नाही. वाजवत राहिली. आधी अर्धी मात्रा मागे, मग एक, मग आणखी. सगळे थांबले तेव्हा तिच्या चार मात्रा उरल्या होत्या. तिने त्या पूर्ण केल्या, आणि मग, थांबायची खूण दिसली नाही म्हणून, त्या वीस मात्रा पहिल्यापासून पुन्हा सुरू केल्या. हॉलमध्ये फक्त डबल बास. पायलटने खुर्ची फिरवून तिच्यासमोर नेली आणि तिच्या गजावर हात ठेवला.

लोक उभे राहिले. इतक्या टाळ्या त्या दिवशी दुसऱ्या कोणालाच मिळाल्या नाहीत. काही जण डोळे पुसत होते. तिने ते सगळे हात बघितले. ती बारा वर्षांची होती, लहान नव्हती. आधी कोणासाठी किती वाजल्या होत्या तेही तिने बघितलं होतं.

नंतर बाहेरच्या बोळात तिने काकांना विचारलं, पियानो अजून बिघडलेलाच आहे?

काका काही सांगणार इतक्यात ताई हसून म्हणाल्या, हातांनीही म्हणाल्या, "अगं कसला बिघडलाय? रोज तर वाजतो. मी पुसत असते तेव्हा पोरं बडवत असतात."

ताईंना माहीत नव्हतं. कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

बाईसाहेबने काकांकडे बघितलं. काकांनी मग सांगितलं. त्यांच्या त्या माश्या हाकलणाऱ्या हातांनी. जमीन. गेली. मी दाखवली त्यांना. मी सही केली. मी.

तिने एकच विचारलं. कधीपासून माहीत होतं?

पहिल्या दिवसापासून.

ती आईचा हात धरून निघून गेली.

पुढच्या बुधवारी काका तीन ते सहा हॉलमध्ये बसले. ती आली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. ते तिच्या घरी गेले. ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आहे आत. येत नाही म्हणते. काका, मी तरी काय करू?" दुसऱ्या दिवशी ते माझ्या खिडकीशी आले, पण किती पानं झाली ते विचारलं नाही. म्हणाले, "पोरगी माझ्यावर रागावली असती तर बरं होतं गं. ती स्वतःवर रागावलीय. तिला वाटत होतं, तिलाच आता कळेनासं झालंय. तीन महिने तिला तसं वाटत होतं. आणि मी झाकणात डोकं घालून उभा."

तिसऱ्या बुधवारी सकाळी, शाळेला निघताना, ते बूट घालायला खाली वाकले आणि तसेच कलंडले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. काकू मला म्हणाल्या, "एक बूट घातलेला होता. तो काढू की दुसरा घालू, तेच कळेना मला."

मागच्या आठवड्यात मी बाईसाहेबकडे गेले. एक खोली आणि स्वयंपाकघर. ताई कामावर होत्या. मला खुणा येत नाहीत, म्हणून मी वही नेली होती. मी लिहिलं की सातवा मुद्दा मी टाइप केला. मी वाचलाही होता. काकांनी वाचला नव्हता.

तिने वाचलं. मग पेन घेतलं.

'मला सांगितलं असतं तर आम्ही दोघांनी मिळून काहीतरी शोधलं असतं. मी त्यांच्यापेक्षा जास्त ओळखते. कुठली जमीन चांगली ते.'

मी लिहिलं, 'बुधवारी येशील?'

तिने मान हलवली. नाही.

'बास?'

तिने लिहिलं, 'दुसऱ्या कोणाला द्या.' मग खाली अजून एक ओळ. 'चांगलं ऐकू येत असेल असं कोणीतरी.' तिने वही बंद करून माझ्या हातात दिली आणि मला दारापर्यंत सोडायला आली.

परवा प्रतीक्षायादीतली पहिली मुलगी वडिलांबरोबर आली. गुणी वाटली. कानाची परीक्षा पास झाली, आठपैकी सहा. डबल बास तिला दिला. सुटलेल्या जागेचा फॉर्म मला भरायचा होता. त्यात 'विद्यार्थी सोडून जाण्याचे कारण' असा रकाना आहे आणि खाली तीन पर्याय छापलेले आहेत. स्थलांतर. आजारपण. स्वेच्छेने. मी तो रकाना मोकळा ठेवून फॉर्म मोठ्या बाईंकडे नेला. त्यांनी तो परत केला. म्हणाल्या, अगं, मोकळा ठेवता येत नाही.

मी 'स्वेच्छेने'वर खूण केली.